जुन्या नावाची फळी

बसा त्या स्टुलावर, पण जरा सांभाळून, त्याचा डावा पाय नुकताच रंगवलाय. बाहेर धुकं उतरलंय, आता तासभर धक्क्यावरून एकही बोट सुटायची नाही, तेव्हा घाई करून काही उपयोग नाही. लेक आत चहा टाकतेय. दुपारचे तीन वाजलेत आणि दिवा लावावा लागला, बघा. ढगाळ दिवशी मी दिव्याशिवाय अक्षर काढत नाही. अक्षराला बाजूने उजेड लागतो, समोरून नाही. समोरच्या उजेडात सगळंच बरं दिसतं.

तर तुम्ही शिडाची बोट घेतलीत, जुनी, आणि तिचं नाव बदलायचंय. काम मी करीन. या धक्क्यावरच्या निम्म्या बोटींच्या पाठीवर माझं अक्षर आहे, आणि त्यातलं एकही अजून उडालेलं नाही. बढाई म्हणा हवं तर. चाळीस वर्षं हात झिजवलाय, एवढी बढाई मला चालते. पण माझ्या अटी आहेत. जुनं नाव या खोलीत तोंडातून काढायचं नाही. ज्या ज्या वस्तूवर ते नाव आहे ती वस्तू माझ्या हवाली करायची. बुडत्याला फेकायचं कडं, वल्ही, कप, टॉवेल, किल्लीचा तो तरंगणारा गोळा, सगळं. पुसण्यासारखं पुसायचं, बाकीचं जाळायचं. ठेवायचं काही नाही. आठवण म्हणूनसुद्धा नाही.

हसा, हसा. मीही हसायची.

तुमची नजर मघापासून त्या भिंतीवरच्या फळीवर आहे, कळतंय मला. मधोमध खरवडलेली कोरी फळी कोण टांगून ठेवतं, आणि खाली पातेलं कशाला, असंच ना? माझं छप्पर गळत नाही हो. छप्पर ठणठणीत आहे. चहा येईपर्यंत सांगते, म्हणजे पुन्हा अटींवरून घासाघीस करायला नको.

माझे बाबा नावं रंगवायचे. त्यांचे वडीलही. बाबांचं अक्षर असं होतं की माणसं बोटीत चढायची सोडून धक्क्यावर उभी राहून वाचत बसायची. आणि अक्षर झालं की, मनासारखं उतरलं असेल तरच, ते खाली एक फराटा मारायचे. ब्रश एकदाच टेकवायचा, नावाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत न्यायचा आणि शेवटी हलकेच वर उचलायचा. शेपटा म्हणायचे त्याला. शेपटा पडला म्हणजे काम पास. हाताखालच्या माणसांच्या कामाखाली त्यांनी तो कधी मारला नाही. माझ्याही नाही. बावीस वर्षं त्यांच्या शेजारी उभं राहून मी अक्षर काढलं. रोज संध्याकाळी ते माझं काम बघायचे, चष्मा कपाळावर सरकवायचे आणि म्हणायचे, "हात हलका ठेव." बस्स. एवढंच. मग गेलेच ते. तेव्हापासून मी माझ्या कुठल्याच कामाखाली तो फराटा मारला नाही. मारता येत नाही म्हणून नव्हे, बरं का. तो मला कुणी दिला नव्हता म्हणून.

आता माझी लेक. लहानपणापासून पाण्यातली. भीती वाटली की मोठ्यांदा आकडे मोजायची, ही तिची सवय. दात काढायला नेलं तेव्हाही मोजत होती, डॉक्टर हैराण. मोठी झाल्यावर तिला स्वतःची बोट हवी होती, आणि मिळाली ती कुठली, तर म्हाताऱ्या कप्तानाची. कप्तान पलंगावरच वारले. त्यांच्या घरच्यांनी ती बोट तीन वर्षं धक्क्यावरच्या शेडमध्ये तशीच ठेवली होती. लाकूड पक्कं, डोलकाठी सरळ, फक्त रंगाची पार रया गेलेली. लेकीने ती बघितली आणि म्हणाली, "आई, हिचं नाव धिटाई ठेवणार मी."

नाव बदलायचं म्हटल्यावर सुतारकाकांनी मान हलवली. काका म्हणजे शेडचे जुने सुतार, बाबांच्या बरोबरीचे. चष्म्याची एक काडी तुटलेली, तिथे दोरा बांधलेला.

"बदल," ते लेकीला म्हणाले, "पण रीतीने बदल. समुद्राला प्रत्येक बोट नावाने माहीत असते, पोरी. एका बोटीला दोन नावं दिसली की तो त्यातलं एक परत मागतो. आणि कुठलं मागेल, ते तू ठरवत नाहीस."

रीत तशी सोपी आहे. आधी जुनं नाव सगळीकडून काढायचं. मग पत्र्याच्या तुकड्यावर ते पाण्यात विरघळणाऱ्या शाईने लिहायचं आणि बोटीच्या नाकाडावरून समुद्रात सोडायचं. शाई विरघळली की समुद्र विसरला. तोपर्यंत नवं नाव कापडाने झाकून ठेवायचं. लेकीने यादीच केली. कप्तानाच्या बायकोने रग भरला होता, त्यावर नाव. हवेचा दाब दाखवणाऱ्या यंत्राच्या पितळी पट्टीवर नाव. चमच्यांच्या दांड्यांवरसुद्धा! लेक एकेक आणून टाकत होती आणि मी खरवडत होते. पाठीवरचं नाव, कुणीतरी पुढे पुन्हा रंगवलेलं, मी स्वतः उतरवलं. तुम्हाला वाटतं वरून रंग फासला की झालं. जुन्या अक्षराची कड राहते, संध्याकाळच्या तिरप्या उन्हात ती उठून दिसते. मी लाकडापर्यंत गेले, खाचांत लांबी भरली, घासलं, पुन्हा भरलं, पुन्हा घासलं. डोळे मिटून हात फिरवा, काही लागायचं नाही, असं केलं.

शेवटी तळाच्या फळ्या उचलून आतलं साफ करायचं होतं. मी एकटी होते. मधली फळी काढून उलटी केली आणि मांडीवर घेऊन बसले.

फळीच्या खालच्या अंगाला बोटीचं जुनं नाव होतं. पुऱ्या मापाचं. बाबांच्या हातचं. कप्तानाला रंग दाखवायला म्हणून त्यांनी केव्हातरी तिथे करून बघितलं असणार आणि फळी तशीच परत बसवली असणार. अंधारात राहिल्यामुळे ते काल काढल्यासारखं ताजं होतं. निळ्यावर पिवळं, कडेला बारीक लाल रेघ. आणि खाली तो शेपटा.

तुम्ही समजून घ्या. बाबांची सगळी कामं तोवर संपली होती. उन्हाने खाल्ली, खाऱ्या वाऱ्याने खाल्ली, बाकीची लोकांनी वरून रंगवली. त्यांच्या हातचं एकही अक्षर माझ्याकडे नव्हतं. आणि हे असं, माझ्या मांडीवर. मी रडले, अगदी लहान पोरीसारखी. खरवडणी हातात होती, ती मी खाली ठेवली.

मग मी स्वतःची समजूत घातली. नाव बोटीवरून काढायचं ना? निघालं की. फळीच घरी नेली तर बोटीवर काय उरलं? मी मापाची नवी फळी बसवली, जुनी गोणपाटात गुंडाळून इथे आणली आणि त्या खिळ्याला टांगली, अक्षरं खोलीकडे करून.

दुसऱ्या दिवशी काका बोटीत डोकावले. "ही मधली फळी नवी कशी?"

"कुजली होती," मी म्हणाले.

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. बाबांना ओळखणारा माणूस, मला काय ओळखत नव्हता?

बोट पाण्यात ढकलायच्या दिवशी लेकीने मला बाजूला घेतलं. "आई, सगळं गेलं ना? काहीच राहिलं नाही ना कुठे?"

"काही नाही."

"माझ्या गळ्याची शपथ?"

"तुझ्या गळ्याची," मी म्हणाले. सहज म्हणाले हो. जीभ अडखळलीसुद्धा नाही.

पत्रा पाण्यात सोडला. कापड काढलं. धिटाई. माझं आजवरचं सगळ्यात चांगलं काम, सांगते तुम्हाला. धक्क्यावरची माणसं थांबून बघत होती. लेक एकटीच शीड उभारून निघाली, बेटाला वळसा घालून जेवायच्या वेळेपर्यंत परत यायची होती. आकाश स्वच्छ. माझी छाती अशी फुगली होती की ब्लाउजची बटणं तुटायची वेळ.

मी इथे येऊन कामाला बसले. एका दुकानाची पाटी होती. अकराच्या सुमाराला खिडकीबाहेर धुकं आलं, असंच, आजच्यासारखं. आधी धक्का गेला, मग शेड, मग आमच्या दारासमोरचा खांब. मी दिवा लावला. आणि मला वास आला.

बोटीच्या तळात साचलेल्या पाण्याचा वास तुम्हाला माहीत आहे? खारट, कुबट. इथे, या कोरड्या खोलीत. आणि त्याच्या आडून अळशीच्या तेलाचा. अळशीचं तेल मी वापरत नाही. बाबा वापरायचे.

टप.

मी वर छताकडे बघितलं. छत कोरडं.

टप.

फळीच्या खालच्या कडेतून थेंब पडत होता. मी जवळ गेले. फळी खालून ओली झाली होती, आणि ओल सरळ रेषेत होती, जशी बोटीच्या अंगावर पाण्याची रेषा असते तशी. मी बोट लावून चाखलं. समुद्र.

बघता बघता ती रेषा वर सरकली. हळू… पण सरकली. बोटभर. मग आणखी अर्धं बोट. लाकूड करकरत होतं, भिंतीला टांगलेलं लाकूड, दोरखंडाला ताण बसल्यावर बोट करकरते तसं. मी कान लावला. का लावला कोण जाणे. आत पाणी आपटत होतं. पत्र्याची बादली लाकडाला घासत होती. आणि अगदी लांबून, दमलेल्या आवाजात…

"एकेचाळीस… बेचाळीस…"

माझी लेक. पाणी उपसत होती आणि मोजत होती.

अंगावर काटा येतो म्हणतात ना, ते खोटं. काटा नाही येत. अंगच राहत नाही. मी धक्क्यावर धावायला निघाले, दारापर्यंत गेलेही. पण बाहेर हातभरावरचं दिसत नव्हतं. कुठे जाणार? कोणाला कुठे पाठवणार? आणि मला ठाऊक होतं, हो. काका म्हणाले होते, एक नाव समुद्र परत मागतो. त्याने कुठलं मागितलं ते माझ्या भिंतीवर लिहिलेलं होतं, आणि मी ते द्यायला तयार नव्हते म्हणून तो दुसरं घेत होता.

खरवडणी उचलली. फळीसमोर उभी राहिले. पाण्याची रेषा शेपट्याला टेकली होती.

आता लाज वाटते, पण सांगते. माझा हात उठेना. लेक बुडतेय आणि मी अक्षर बघत उभी! ते शेवटचं होतं हो. ते गेलं की बाबा जगातून संपले, असं वाटलं. ती पिवळ्याच्या कडेची लाल रेघ, एका दमात ओढलेली, कुठे थरथर नाही. आत लेक म्हणत होती, "अठ्ठावन्न…" आणि मध्ये धाप. "एकोण… साठ…"

"बाबा," मी म्हणाले, "मला माफ करा."

आणि पातं लावलं. दाबून लावलं, घाईने, रागाने. रंग निघेना. पातं घसरलं, लाकडात रुतलं. पाण्याची रेषा अक्षरांच्या पोटापर्यंत आली. मी आणखी जोर केला. तेवढ्यात माझ्या मनगटावर… कसं सांगू… वजन आलं. हाताचं वजन. थंड, ओलं, पण ओळखीचं. तर्जनीच्या पेरावर ब्रश धरून पडलेला घट्टा असतो, तो मला टोचला. मागे वळायची हिंमत झाली नाही. कानाशी अळशीचा वास.

"हात… हलका ठेव."

मी हात सैल सोडला. पातं आपसूक सरकलं. रंग निघायला लागला, तुकड्यातुकड्यांनी नाही, एका लांब पट्टीत, सफरचंदाची साल निघते तसा. पहिलं अक्षर गेलं. रेषा थांबली. दुसरं गेलं. रेषा खाली उतरली. मी रडत होते आणि हात चालत होता, आणि खरं सांगू? इतका सुंदर हात माझा आयुष्यात कधी चालला नव्हता. शेवटी शेपटा उरला. तो मी डावीकडून उजवीकडे काढला, तो ज्या दिशेने ओढला होता त्याच दिशेने, आणि शेवटी पातं हलकेच वर उचललं.

"शहात्तर…" फळी म्हणाली.

मग काही नाही. मनगट हलकं झालं. फळी कोरी. खाली फरशीवर पाण्याचं थारोळं, आणि त्यात निळ्या-पिवळ्या रंगाच्या साली.

मी तशीच धक्क्यावर धावले, अनवाणी, हातात खरवडणी. सुतारकाका आधीच घंटा वाजवत उभे होते, धुक्यात परतणाऱ्यांना दिशा कळावी म्हणून. किती वेळ गेला ठाऊक नाही. आणि मग धुक्यातून आधी शीड आलं, मग डोलकाठी, मग माझी लेक. नखशिखांत भिजलेली, हात सोललेले, उभी.

धक्क्यावर पाय ठेवल्या ठेवल्या तिने माझ्या हातातली खरवडणी बघितली.

"मधल्या फळीच्या कडेने पाणी वर यायला लागलं," ती म्हणाली. ओठ निळे पडले होते. "उपसत होते तरी थांबेना. शहात्तर बादल्या काढल्या. मग खालून कोणीतरी खरवडायला लागलं… आई, बोटीच्या खालून. आणि पाणी थांबलं." ती माझ्याकडे बघत राहिली. "तू काय ठेवलं होतंस?"

मी सगळं सांगितलं. तिथेच, काकांसमोर. तिने मला एक सणसणीत शिवी दिली, आईला देऊ नये अशी, आणि मग माझ्या गळ्यात पडली. दिली ते बरंच केलं. मला ती हवी होती.

"इकडे या दोघी," काका म्हणाले. ते बोटीच्या मागच्या बाजूला वाकून बघत होते. आवाज बदललेला. त्यांनी डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली होती.

धिटाई. माझं अक्षर. आणि त्याच्या खाली, या टोकापासून त्या टोकापर्यंत, पिवळा फराटा. ब्रश एकदाच टेकवलेला. शेवटी हलकेच वर उचललेला.

"तुझ्या बाबांचा हात आहे हा," काका म्हणाले. "मी डोळे मिटून सांगेन."

मी बोट लावलं. रंग ओला होता. समुद्रातून आलेल्या बोटीवर ओला रंग! बोटाला लागला, तो मी कितीतरी दिवस धुतला नाही. आता तुम्ही म्हणाल, घाबरायचं सोडून बाईला आनंद कसला? अहो, बावीस वर्षं वाट बघितली होती मी त्याची. जिवंतपणी दिला नाही, तो मेल्यावर भर समुद्रात जाऊन दिला माणसाने. या धक्क्यावर आहे का दुसरं कोणी, ज्याचं काम असं पास झालंय? दाखवा मला. जाताना बोट बघून जा, शेडमध्ये लाकडांवर चढवलेली आहे, महिना झाला, तळाला नवा रंग चाललाय. कोरडी ठणठणीत. शेपटा अजून आहे, बारा वर्षं झाली, कुठे तडा नाही.

आणि फळी मी ठेवली. कोरी फळी ठेवायला कोणाची हरकत? फक्त एक आहे. धिटाई पाण्यात असली की ती दोन-चार थेंब टाकते. म्हणून ते पातेलं. लेक बाहेर असली की मी इथे काम करत बसते, थेंब पडला की समजते, चाललंय तिचं व्यवस्थित. आवाज मात्र त्या दिवसानंतर पुन्हा कधी आला नाही. थेंबाची तर आता सोबत वाटते मला. बोट किनाऱ्यावर ओढली की फळी वाळते, महिनोन् महिने थेंब नाही.

तर मग, किल्लीचा गोळा आणलाय का बरोबर? द्या इकडे. आणि वल्ह्यांवर नाव असेल तर…

थांबा.

तुम्ही पातेल्याला पाय लावलात का? नाही?

…पुन्हा. ऐकलंत?

पण धिटाई शेडमध्ये आहे. महिनाभर. आणि लेक आत आहे, मघापासून कप विसळतेय, तुम्हालाही येतोय ना तो आवाज? आत्ताच तर तिने साखर किती म्हणून विचारलं.

जरा उठा. फळीला कान लावा. मी लावत नाही, तुम्हीच लावा, आणि मला सांगू नका कोणाचा आवाज आहे, मला इथूनही ओळखू येतोय तो…

"सत्त्याहत्तर…"